तूट कोण भरते?

सातवीच्या वर्गात सकाळी हजेरी घेताना काही नावांपाशी माझा आवाज आपोआप खाली येतो. उत्तर येणार नाही, हे ठाऊक असते. मध्यंतरी अशा नावांत एका मुलीच्या नावाची भर पडली. मुलगी हुशार. गणितात वर्गातल्या पहिल्या तिघांत. सोमवारी यायची, मंगळवारी नाही, बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत थांबून निघून जायची. कारण विचारले की एकच उत्तर, "छोटे को संभालना था, टीचर."

आमचे गाव यंत्रमागाचे. तिचे वडील मागावर कामाला, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची तर एक रात्रीची. आई कांड्या भरायला जाते. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि मुलीच्या आईला जे सुनवायचे ते सुनवले. इल्म हासिल करणे मर्द-औरत दोघांवर फर्ज आहे, मुलीला घरी बसवणे गुन्हा आहे, शिक्षण हक्काचा कायदा आहे वगैरे वगैरे. त्या बाईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "टीचर, मैं घर बैठूँ तो भाडा कौन देगा? उसके अब्बा बैठें तो रोटी कौन देगा? बच्चे को पडोस में रखूँ तो आधी मजदूरी उसी में जाती है. अब बची कौन?"

बची कौन? या प्रश्नाचे उत्तर समोरच उभे होते, कडेवर भाऊ घेऊन.

मी बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले, गळतीची कारणे पाठ केली. 'पालकांची उदासीनता' हे कारण परीक्षेत नेहमी पहिल्या क्रमांकावर लिहायचे असते. त्या दिवशी मला उदासीनता कुठे दिसली नाही. दिसला तो हिशेब. मजुरी आणि घरखर्च यांच्यात एक तूट होती आणि ती बारा वर्षांची मुलगी आपल्या शाळेच्या दिवसांनी भरून काढत होती. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. कष्ट करणाऱ्या माणसाची मजुरी त्याच्या लेकरांना पुरत नसेल, तर उरलेले कोणी द्यायचे? मालकाने, सरकारने, समाजाने, की त्या लेकरांनीच?

आधी मजुरी ठरते कशी ते पाहू. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष सांगितले. एक कमावता माणूस आणि त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंब मिळून तीन 'उपभोग एकके' धरावीत: पुरुषाचे एक, बाईचे पॉइंट आठ, दोन मुलांचे प्रत्येकी पॉइंट सहा. त्यांचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी वीस टक्के. बायकामुलांची कमाई हिशेबात धरू नये, असेही त्या परिषदेने स्पष्ट म्हटले होते. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. म्हणजे एका माणसाच्या मजुरीत चौघांचे घर सन्मानाने चालावे, असा तो विचार होता.

विचार चांगला. पण त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे बाईचे खाणे त्यात मोजले आहे, काम मोजलेले नाही. ती घरी आहे, मुले सांभाळते आहे आणि फुकट सांभाळते आहे, हे गृहीत धरले आहे. दुसरी गोष्ट आमच्या मोहल्ल्यात रोज दिसते. एकाच्या मजुरीत जे भागायला हवे, ते दोघे राबूनही भागत नाही. बाई कामावर गेली, पण तिची घरातली जागा भरायला ना मालकाने पैसे दिले ना सरकारने माणूस दिला. ती जागा मोठ्या मुलीने भरली. ७२ वार कापडाचा हिशेब करणाऱ्या देशात, कापड विणणाऱ्यांच्याच घरी हा प्रकार आहे.

इथे मला हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला एक प्रसंग आठवतो. इब्न सअद यांच्या 'तबकात'मध्ये तो आला आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी तो लहानपणी ऐकलाही असेल. मदिनेत व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. रात्री पहारा द्यायला हजरत उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ गेले. एका मुलाचे रडणे ऐकू आले. उमर यांनी त्याच्या आईला मुलाकडे लक्ष द्यायला सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा रडणे, पुन्हा समज. पहाटेच्या सुमारास मूल तिसऱ्यांदा रडले तेव्हा उमर यांनी तिला चांगलेच फटकारले, तू कसली आई म्हणून. समोर खलिफा उभा आहे हे तिला माहीत नव्हते. तिने खरे ते सांगून टाकले. मी याचे दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. इतक्या लहानपणी का? तर उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच बैतुलमालमधून तनखा देतात म्हणून. मूल अवघ्या काही महिन्यांचे होते.

त्या दिवशी फजरच्या नमाजात उमर इतके रडत होते, की मागे उभ्या असलेल्यांना त्यांची किरात नीट कळेना, असे रावी सांगतात. आपल्या नियमापायी किती लेकरे गेली असतील, या विचाराने ते हादरले होते. मग त्यांनी जाहीर केले की मुलांचे दूध तोडण्याची घाई कोणी करू नये. यापुढे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला जन्मापासून तनखा मिळेल.

वाझमध्ये हा प्रसंग खलिफाच्या रहमदिलीचा नमुना म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण त्या मुलीच्या घरून परतताना मला त्यातली वेगळी गोष्ट दिसली. उमर यांनीही आधी आईलाच दोष दिला होता. एकदा नाही, तीनदा. तिचा हिशेब ऐकल्यावर त्यांना कळले की गुन्हेगार आई नसून आपला नियम आहे. आणि कळल्यावर त्यांनी तिला नसीहत केली नाही, नियम बदलला. मी मात्र फर्जची नसीहत करून घरी आले होते.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तो हलका नाही. सरकारने कमी मजुरीवर भर घातली तर मालक मजुरी वाढवील कशाला? सरकार देतेच आहे म्हणून उलट कमी करील. इतिहासात याचा एक गाजलेला दाखला आहे. १७९५ साली इंग्लंडमध्ये धान्य कडाडले होते. बर्कशायरमधल्या स्पीनहॅमलंड इथे न्यायाधीशांनी ठरवले, की शेतमजुराची मजुरी पावाच्या भावाला आणि त्याच्या घरातल्या तोंडांना पुरत नसेल, तर उरलेली रक्कम गावाच्या गरीब-निधीतून द्यावी. हेतू नेक होता. पण बड्या शेतकऱ्यांना मजुरी कमी ठेवायला त्यातून निमित्त मिळाले, अशी तक्रार झाली. मजुराचा कणा मोडला, त्याला भिकारी केले, असे ठपके ठेवून १८३४ च्या कायद्याने ही पद्धत गुंडाळली गेली आणि गरिबांसाठी कठोर आश्रमगृहे आली. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी दाखवले, की त्या चौकशी अहवालात निष्कर्ष आधी आणि पुरावे नंतर असा प्रकार होता. मजुरी आधीच पडलेली होती, म्हणून भर घालावी लागली होती. तरी शंका पूर्ण जात नाही. अमेरिकेत १९७५ पासून कमी मिळकतीच्या नोकरदार पालकांना कराच्या मार्गाने रोख भर दिली जाते. तिच्यातलाही काही हिस्सा मजुरी घसरल्यामुळे मालकांच्या पदरात जातो, असे जेसी रॉथस्टाइन या अर्थतज्ज्ञाने २०१० साली मांडले.

मग मदत बंद करावी आणि फक्त मजुरी वाढवा म्हणावे का? इथे आणखी एक पेच आहे. समजा, मालक अगदी नेक आहे. त्याच्याकडे दोघे जण सारखेच काम करतात. एक अविवाहित, दुसऱ्याला चार मुले. दोघांना सारखी मजुरी देणे न्याय आहे. पण तेवढ्याच पैशांत एकाचे भागते आणि दुसऱ्याचे नाही. मुलांच्या संख्येप्रमाणे मजुरी द्यायचा नियम केला, तर कोणताही मालक मुलेबाळे असलेल्याला कामावरच ठेवणार नाही. म्हणजे मजुरीचे माप काम आहे आणि मुलाचे माप गरज आहे. एका मापाने दुसरे मोजता येत नाही. इंग्लंडमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला, की मुलांचा वाटा बापाच्या मजुरीत शोधू नका, तो समाजाने द्यावा, आणि आईच्या हातात द्यावा. दोन दशके त्या झगडल्या तेव्हा १९४५ साली कुटुंब भत्त्याचा कायदा झाला. पैसे आईच्या हाती पडावेत, यासाठी त्यांना शेवटपर्यंत भांडावे लागले.

ब्रिटनमध्ये १९९९ साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एप्रिलमध्ये देशभर किमान वेतन लागू झाले आणि ऑक्टोबरमध्ये कमी मिळकतीच्या कामकरी पालकांसाठी वेतनाची भर सुरू झाली. मूल सांभाळायला ठेवण्याचा जो खर्च होईल, त्यातला ठरावीक मर्यादेपर्यंत सत्तर टक्के हिस्साही त्यात होता. खाली फरशी घातली, मग वर पाणी ओतले. फरशी नसती तर पाणी मालकाच्या जमिनीत मुरले असते. त्या व्यवस्थेतही चुका झाल्या. २०१७ पासून तिथे तिसऱ्या मुलाला मदत नाकारणारी मर्यादा आली आणि ती काढण्याची घोषणा व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. तिसऱ्या मुलाने काय गुन्हा केला होता, हे मात्र कोणी सांगू शकले नाही.

आपल्याला दूर जायची तरी काय गरज? १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले होते. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ओझे कोणाचे, या प्रश्नाला हात घातला. त्यांची मांडणी अशी, की लोकांचे कल्याण हे सरकारचे काम, म्हणून मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण मालक बाईला कामावर ठेवतो तो त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. तेव्हा फायदा घेणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे सुटता येणार नाही. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. मला वाटते, एवढ्या थोडक्यात इतके सरळ उत्तर दुसरे नाही. मालक की सरकार, असा हा प्रश्नच नाही. कामाचे पूर्ण मोल मालकाने द्यावे आणि मुलाचा वाटा सर्वांनी मिळून द्यावा.

सर्वांनी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जकात येते. रमजानमध्ये आमच्या गावात जकात, फितरा, रेशनच्या पिशव्या यांची रेलचेल असते, आणि देणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका घ्यायची नाही. पण एक दृश्य दर वर्षी दिसते. अकरा महिने ज्याची मजुरी दाबून धरली, त्याच मजुराला बाराव्या महिन्यात शेठ जकात देतात आणि मजूर दुवा देतो. फिकहचा कायदा स्पष्ट आहे. कामाच्या मोबदल्यात जकात देता येत नाही. जे देणे आधीच आपल्यावर आहे, ते जकातीने फिटत नाही. मग हे काय आहे? स्पीनहॅमलंडमध्ये मालकाची तूट गावाने भरली म्हणून आपण नाक मुरडतो. इथे शेठ आपलीच तूट जकातीने भरतात आणि वर सवाबही मागतात. घाम सुकण्याआधी मजुरी द्यायची हदीस आपण भिंतीवर लावतो. ती 'केव्हा' द्यायचे ते सांगते. 'किती' द्यायचे त्याचा इशाराही पैगंबरांनी (स.) दिला आहे. आपल्या हाताखालच्याला आपण खातो तेच खाऊ घालावे, झेपणार नाही ते ओझे टाकू नये. ही दुसरी हदीस मी कोणत्याच कारखान्याच्या भिंतीवर पाहिलेली नाही.

सरकारकडे वळले तर नावाने पुष्कळ योजना दिसतात. अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच महाराष्ट्रात, बोर्डी-कोसबाडला रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजनेतून ती देशभर गेली. पण अंगणवाडीत मूल बसते ते तीन वर्षांनंतर आणि तेही काही तासच. तीनच्या आतल्या मुलाला खाऊचे पाकीट घरी मिळते. त्याला दिवसभर सांभाळणारे कोणी मिळत नाही. आमच्या कारखान्यांची पाळी बारा तासांची. मग ज्या वयात मूल एक क्षण एकटे सोडता येत नाही, नेमके तेच वय उघड्यावर पडते. पाळणाघरांची केंद्राची योजना २००६ साली आली, २०१७ मध्ये तिच्या खर्चाची वाटणी राज्यांवर ढकलली गेली आणि पाळणाघरे कमी होत गेली. २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पालना' योजना आहे. ती मनापासून राबवली तर फार मोठे काम होईल. मालकावर पाळणाघराची सक्ती आहे ती पन्नास कामगारांच्या पुढे. बारा-चोवीस मागांच्या कारखान्याला ती लागतच नाही, आणि घरी बसून विड्या वळणारी किंवा शिलाई करणारी बाई तर कोणाच्याच पटावर नाही. मुस्लिम कामकरी बायांमध्ये घरबसल्या काम करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ सालीच दाखवले होते.

बाळंतपणाचेही तेच. मी सरकारी अनुदानावरच्या शाळेत शिकवते. मला १८० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. माझ्या विद्यार्थिनीच्या आईसारखीला २०१७ च्या मातृवंदना योजनेत मिळतात पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. दोघींच्या बाळांची भूक सारखीच. २०२४ साली राज्याने लाडक्या बहिणींसाठी महिना पंधराशे रुपये सुरू केले. त्याला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. आमच्या मोहल्ल्यात त्या पैशांतून दूध आणि वह्या आलेल्या मी पाहिल्या आहेत. पण पंधराशे रुपये मूल कडेवर घेत नाहीत. आणि जी बाई मूल कडेवर घेते, त्या अंगणवाडी सेविकेला सरकार स्वतः 'पगार' देत नाही, 'मानधन' देते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा आमच्या गल्लीतली अंगणवाडीही बंद पडली आणि माझ्या वर्गातल्या रिकाम्या जागा वाढल्या. ज्या राज्यात मूल सांभाळण्याचे काम सरकारच्या लेखी मानावर भागते, तिथे मालकाला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा?

आपल्यातलेच काही जण म्हणतील की या सगळ्याचे मूळ बाई घराबाहेर पडण्यात आहे. तिने घरी राहावे. मला एवढेच सांगायचे आहे, की कुरआनने आईवर दूध पाजण्याची दोन वर्षे सांगितली तिथेच बापावर तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी टाकली. आणि सूरह तलाकमध्ये तर तलाक झालेल्या आईने स्वतःच्याच मुलाला दूध पाजले तरी तिला उजरत, म्हणजे मोबदला, द्यायला सांगितले आहे. मूल सांभाळणे हे मोल असलेले काम आहे, हे चौदाशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते. बाईने घरी राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी तिच्या घराचे भाडे कोण देणार ते सांगावे. तिला हौस नाही. तिला हिशेब आहे.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट लपवणे बेइमानी होईल. मी शाळेत असताना माझ्या बाळाला सांभाळायला एक बाजी येतात. त्या मुलीच्या घरी जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाजींना सहज विचारले, "बाजी, आपका छोटा किसके पास रहता है?" त्या म्हणाल्या, "बडी है ना घर में." आठ महिने त्या माझ्याकडे येत होत्या. आठ महिन्यांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. माझ्या हजेरीपटावर नसलेल्या, कुठल्या तरी दुसऱ्या शाळेच्या पटावरच्या एका मुलीने माझ्या नोकरीची तूट भरली होती. कारखान्याच्या शेठजींवर मी जे म्हटले, ते सगळे माझ्या दारातही लागू होते.

मी बाजींचा पगार वाढवला. धाकट्याला बरोबर आणायला सांगितले. आता दोन्ही मुले एकत्र खेळतात आणि त्यांची मोठी शाळेत जाते. पण ही माझी नेकी नाही, उशिरा चुकवलेले देणे आहे. आणि त्याने प्रश्नही सुटत नाही. प्रत्येक घराला असा योगायोग घडणार नाही. मोहल्ल्यात मदरशासाठी, शादीखान्यासाठी वर्गणी उभी राहते. त्याच मोहल्ल्यात कामकरी आयांच्या मुलांसाठी एक खोली, दोन पगारी बाया आणि दूध-खिचडीची सोय उभी राहू शकते. कारखानदारांनी त्यात मागामागे ठरावीक रक्कम द्यावी, जकात म्हणून नव्हे, देणे म्हणून. आणि हे करताना सरकारला सोडायचे नाही. 'पालना' आमच्या वस्तीत का नाही, हे दर महिन्याला जाऊन विचारायचे.

माझी ती विद्यार्थिनी आता आठवीत आहे. येते कधी, कधी येत नाही. भाऊ अडीच वर्षांचा झाला. आणखी सहा महिन्यांनी तो अंगणवाडीत बसू लागेल, तेव्हा तिला निदान सकाळचे काही तास मोकळे मिळतील. तोवर तिचा बीजगणिताचा पाया कच्चा राहिलेला असेल. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजेरीची खूण करते. पूर्वी ती खूण करताना मला तिच्या आईचा राग यायचा. आता वाटते, त्या खुणेखाली किती तरी जणांच्या सह्या असायला हव्यात. त्यांतली एक माझी.